पाठ केलेलं भाषण सोडवताना: कॉलेजच्या वर्गात इंग्रजीतून बोलायला कसं शिकवावं

गारगोटी, राधानगरी, मलकापूर, कागल इकडून सकाळच्या एसटीनं कोल्हापुरात कॉलेजला येणारी मुलं बोलायला घाबरतात, हा समज बाजूला ठेवूनच वर्गात जावं. यातल्या कित्येकांनी शाळेत शिवजयंतीला, शाहू जयंतीला, १५ ऑगस्टला माईकसमोर भाषण केलेलं असतं. आवाज असतो, चारचौघांत उभं राहायची सवय असते. अडचण तयारीच्या पद्धतीत आहे. शाळेतलं भाषण सर किंवा बाई लिहून देतात, ते पाठ होतं आणि जसंच्या तसं म्हटलं जातं. मराठीत हे निभावून जातं, कारण ओळ विसरली तरी मूल आपल्या शब्दांत पुढं सरकतं. इंग्रजीत एक शब्द निसटला की पुढचं सगळं भाषण अडतं. आपले शब्द तिथं तयारच नसतात.

त्यामुळं पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: विद्यार्थ्यानं भाषण म्हणून दाखवू नये, समोरच्याला काहीतरी सांगावं. त्यासाठी विषय कसा निवडायचा, कागद हातातून कसा काढून घ्यायचा, सराव कसा आखायचा आणि चुका कधी दाखवायच्या, ते क्रमानं पाहू.

आधी वेळेचा हिशेब

वर्गात ६० विद्यार्थी धरा. प्रत्येकाचं तीन मिनिटांचं भाषण, एक मिनिट प्रश्न, एक मिनिट ये-जा, म्हणजे माणशी पाच मिनिटं. एकूण ३०० मिनिटं. ४८ मिनिटांच्या तासातली हजेरी आणि स्थिरस्थावर होणं वजा केलं तर हातात ४० मिनिटं उरतात, म्हणजे एका फेरीला जवळजवळ आठ तास गेले. या आठ तासांत प्रत्येक मूल तीन मिनिटं बोललं आणि बाकी सगळा वेळ बसून राहिलं. दोन क्रेडिटच्या पेपरला सत्रात ३० तास मिळतात, त्यात अशा फेऱ्या परवडत नाहीत. म्हणूनच बहुतेक वर्गांत सत्राच्या शेवटी एकच भाषण होतं आणि ते एकच असल्यामुळं पाठ केलेलं असतं.

यावर उपाय म्हणजे एकाच वेळी अनेकांनी बोलणं. सहा-सहांचे दहा गट करा. गटात प्रत्येकी तीन मिनिटं आणि दोन मिनिटं प्रश्न धरले तर अर्ध्या तासात साठही जण बोलून होतात. दोन गट वर्गाच्या चार कोपऱ्यांपैकी दोन कोपऱ्यांत, दोन व्हरांड्यात, चार मैदानाच्या कडेला झाडाखाली, बाकीचे बाकांवरच. आवाज होणार, तेव्हा शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. गटात चांगलं इंग्रजी येणारा एक, मध्यम तिघे, कच्चे दोघे अशी वाटणी ठेवावी. सगळे हुशार एका गटात गेले तर बाकी गट मराठीवर येतात.

सगळे गट शिक्षकाला ऐकता येत नाहीत आणि ऐकायची गरजही नाही. एका तासाला दोनच गटांजवळ पूर्ण वेळ थांबा, त्यांचं नीट ऐका. बाकीच्या गटांत एका मोबाईलवर आवाज रेकॉर्ड होऊ दे. रेकॉर्डिंग गटाबाहेर पाठवायचं नाही आणि आठवड्यानं पुसून टाकायचं, हा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. आपला आवाज कुणाच्या तरी स्टेटसवर जाईल या भीतीनं बऱ्याच मुली गप्प बसतात.

विषय डोळ्यांनी पाहिलेला हवा

‘मोबाईल शाप की वरदान’, ‘शिक्षणाचं महत्त्व’, ‘पर्यावरण वाचवा’ हे विषय बंद करा. यावरचं तयार भाषण मोबाईलवर अर्ध्या मिनिटात मिळतं आणि त्यातलं एकही वाक्य विद्यार्थ्याचं नसतं. शिवाय अशा विषयांत अमूर्त शब्दांचा भरणा असतो, ते शब्द त्याच्या तोंडात कधी बसलेलेच नसतात.

पहिल्या भाषणाला कृतीचा विषय द्या: घरात, शेतात किंवा गल्लीत एखादी गोष्ट कशी होते ते सांगणं. या जिल्ह्यात अशा विषयांची कमी नाही. गुऱ्हाळात गूळ कसा होतो. दूध डेअरीत फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) कसं मोजतात. चपलेचा तळ कसा शिवतात. हुपरीत चांदीच्या पैंजणाचं काम कसं चालतं. इचलकरंजीत माग लावताना काय काय करावं लागतं. तालमीत लाल माती कशी तयार करतात. २०१९ च्या महापुरात जनावरं उंचावर कशी हलवली. घरी शेती नसलेल्याला केएमटी या शहर बसच्या एका फेरीचा हिशेब किंवा वडापावच्या गाड्याची सकाळची तयारी सांगता येते. कौन्सिल ऑफ युरोपच्या २००१ मधल्या भाषा-चौकटीत बी१ म्हणजे मधल्या पातळीच्या माणसाकडून अपेक्षा हीच आहे की ओळखीच्या विषयावर तयारी करून त्याला साधं, समजेल असं सादरीकरण करता यावं. आपले बरेचसे विद्यार्थी त्या पातळीच्या आसपास किंवा एक पायरी खाली असतात. विषय अनोळखी दिला तर आपणच त्यांना त्यांच्या पातळीच्या वर ढकलतो.

कृतीच्या विषयाचा आणखी एक फायदा: क्रम आयता मिळतो. आधी काय, मग काय, शेवटी काय, हे विद्यार्थ्याला ठाऊकच असतं, मुद्द्यांची मांडणी वेगळी शिकवावी लागत नाही. आणि ऐकणाऱ्यांतल्या शहरातल्या मुलांना गुऱ्हाळ माहीत नसतं, त्यामुळं ती खरंच ऐकतात, खरेच प्रश्न विचारतात.

दुसऱ्या भाषणाला थोडं वर जा. ‘ही वस्तू इथं कशी आली’ हा साचा चांगला चालतो. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवतेची ब्राँझची छोटी मूर्ती आहे. रोमन जगातला देव पंचगंगेच्या काठावर कसा पोचला, या एका प्रश्नावर इतिहासाचा विद्यार्थी तीन मिनिटं सहज बोलू शकतो.

मराठीतून कार्डाकडं

इथं घाई करू नका, सगळा खेळ याच टप्प्यावर ठरतो.

पहिली पायरी मराठीत. जोडीतला एक जण दोन मिनिटं आपली कृती मराठीत सांगतो, दुसरा ऐकून पाच मुद्दे लिहितो. इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला, असा आक्षेप येतो. उत्तर सोपं आहे: काय सांगायचं आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, ही दोन्ही ओझी एकदम उचलायला लावली की विद्यार्थी कोलमडतो. आधी पहिलं ओझं उतरवून घ्या. ही मुभा फक्त या दोन मिनिटांपुरती.

दुसरी पायरी: प्रत्येक मुद्द्याचं इंग्रजी क्रियापद शोधणं. गुळाच्या विषयात ही क्रियापदं अशी निघतात: क्रश, बॉइल, ॲड, स्किम, पोअर, कूल. नामं मोजकीच लागतात: केन, जूस, पॅन, स्कम, मोल्ड. काहील (रस उकळायची मोठी कढई), चुलवाण (तिच्याखालची भट्टी), काकवी, गुळव्या हे शब्द तसेच ठेवू द्या, पण प्रत्येकाला लगेच एक सोपं वाक्य जोडायला लावा: ‘गुळव्या इज द मॅन हू नोज व्हेन द जॅगरी इज रेडी.’ अनुवाद करत बसण्यापेक्षा समजावून सांगणं हे बोलणाऱ्याचं मोठं कौशल्य आहे, आणि ते इथं फुकटात शिकून होतं.

तिसरी पायरी कार्डाची. चार इंच बाय सहा इंच, साधारण पोस्टकार्डाएवढा जाड कागद. त्यावर पाच ओळी, एका ओळीत जास्तीत जास्त चार शब्द. अपवाद दोनच: पहिलं आणि शेवटचं वाक्य पूर्ण लिहायचं. गुळाचं कार्ड असं दिसेल: केन, क्रश, जूस / पॅन, बॉइल, टू अवर्स / भेंडी, स्कम / कोल्ड वॉटर टेस्ट / पोअर, कूल, मोल्ड. तिसऱ्या ओळीवर विद्यार्थी सांगेल की रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढतात. चौथ्या ओळीवर, पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते गुळव्या कसं बघतो. ही वाक्यं कार्डावर नाहीत, ती प्रत्येक वेळी नव्यानं जुळवायची आहेत. दर वेळी थोडी वेगळी येतील, आणि तसंच व्हायला हवं.

कार्डाच्या बाबतीत तीन गोष्टी हमखास बिघडतात. एक, विद्यार्थी कार्डाच्या मागं बारीक अक्षरात पूर्ण भाषण लिहितो. म्हणून कार्ड वर्गात, तुमच्यासमोर लिहून घ्या आणि मागची बाजू कोरी आहे ना ते बघा. दोन, इंग्रजी शब्द देवनागरीत लिहितो. वाचायला सोपं जातं, पण देवनागरीत जोर कुठं द्यायचा ते दिसत नाही आणि चुकीचा उच्चार पक्का होतो. अवघड वाटणाऱ्या दोन शब्दांपुरती मुभा द्या, तीही जोराच्या अक्षराखाली रेघ मारून. तीन, मुद्दे मराठी वाक्यासारखे लिहितो आणि बोलताना क्रियापद शेवटासाठी राखून ठेवतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं वाक्य लांबलं तरी आपल्याला चालतं. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद पहिल्या तीन-चार शब्दांत आलंच पाहिजे, नाहीतर बोलणारा मध्येच अडकतो. एक श्वास, एक वाक्य, आठ ते दहा शब्द, असं माप देऊन ठेवा.

चार, तीन, दोन

बोलण्यात ओघ आणणारा याच्याइतका साधा आणि खात्रीचा सराव दुसरा नाही. किथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये तो मांडला. एकच विषय, तीन वेगवेगळे ऐकणारे: पहिल्याला चार मिनिटांत सांगायचं, दुसऱ्याला तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच, वेळ कमी. ऐकणारा दर वेळी नवा असल्यामुळं बोलणाऱ्याला पुन्हा सगळं सांगावंच लागतं, आणि वेळ आटत गेल्यामुळं शब्द शोधत थांबण्याला जागा उरत नाही. तिसऱ्या फेरीपर्यंत वाक्यं आपोआप जुळू लागतात.

आपल्या वर्गांत बाक जमिनीला ठोकलेले असतात, म्हणून मांडणी अशी करा. विषम क्रमांकाच्या बाकांवरच्यांनी मागं वळून बसायचं, म्हणजे समोरासमोर जोड्या होतात. वळलेली रांग बोलणार, दुसरी ऐकणार. शिट्टी वाजली की ऐकणाऱ्यांनी एक जागा उजवीकडं सरकायचं, टोकाच्यानं फिरून दुसऱ्या टोकाला यायचं. तीन फेऱ्या झाल्या की भूमिका बदलायच्या. दोन्ही बाजू मिळून १८ मिनिटं बोलणं, सरकण्याबिरकण्याला सात-आठ मिनिटं. एका तासात आरामात बसतं. अगदी कच्च्या वर्गाला चार मिनिटं जड जातात, तिथं तीन, दोन, दीड अशी सुरुवात करा.

नियम चार. कार्ड पहिल्या फेरीत हातात, दुसरीत बाकावर पालथं, तिसरीत खिशात. मुद्दे गाळायचे नाहीत, कारण वेळ कमी झाली की विद्यार्थी दोन मुद्दे सोडून देतो आणि सरावाचा हेतूच जातो. ऐकणाऱ्यानं चुका दुरुस्त करायच्या नाहीत. आणि ऐकणाऱ्यानं ऐकलेला एक आकडा आणि एक नाव वहीत टिपायचं. हा चौथा नियम ढिला पडला की ऐकणारा खिडकीबाहेर बघतो आणि बोलणाराही ढेपाळतो.

पहिली तीस सेकंद

‘अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, मी आपल्यासमोर जे दोन शब्द मांडणार आहे ते आपण शांतचित्तानं ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.’ हा आपल्या शाळांतला साचा विद्यार्थी इंग्रजीत उतरवतो आणि तीन मिनिटांतली तीस-चाळीस सेकंद तिथंच घालवतो. ऐकणाऱ्याचं कान देणं सर्वांत जास्त असतं ते याच वेळात. मराठी समारंभात या साच्याला मान आहे, तो तिथं असू दे. वर्गातल्या इंग्रजी भाषणात ‘गुड मॉर्निंग, एव्हरीवन’ एवढं पुरे. ‘मायसेल्फ अमुकतमुक’ पहिल्याच तासाला सोडवून ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ बसवून घ्या. ही चूक अर्थाच्या आड येत नाही, पण पुढं मुलाखतीला बसल्यावर पहिल्या वाक्यालाच नडते.

नमस्कारानंतर लगेच एक ठोस गोष्ट यावी: आकडा, वस्तू किंवा प्रश्न. गुळाच्या भाषणाची सुरुवात अशी होऊ शकते: ‘वन टन ऑफ केन गिव्हज अस ओन्ली अबाऊट वन हंड्रेड किलोज ऑफ जॅगरी. व्हेअर डज द रेस्ट गो?’ एक टन उसातून जेमतेम शंभर-सव्वाशे किलो गूळ निघतो हे गुऱ्हाळ पाहिलेल्या पोराला माहीत असतं. वर्गातल्या निम्म्यांना नसतं. शेवटही याच प्रश्नावर बांधता येतो: साधारण निम्मा भाग पाण्याची वाफ होऊन जातो, चिपाडं चुलवाणात जळतात, उरतो तो रवा, म्हणजे गुळाची ढेप. ‘दॅट्स ऑल’ किंवा ‘विथ धिस आय एंड माय टू वर्ड्स’ यावर भाषण संपू देऊ नका. शेवटचं वाक्य पूर्ण बोलायचं, दोन सेकंद थांबायचं, मग ‘थँक यू’. हे दोन सेकंद थांबणं वर्गात दहा-दहा वेळा करून घ्यावं लागतं. मुलं वाक्य पूर्ण व्हायच्या आतच जागेकडं निघतात.

वस्तू आणता आली तर उत्तम. गुळाचा खडा, चपलेचा शिवायचा दाभण, डेअरीतली पावती. हातात वस्तू असली की हातांचं काय करायचं हा प्रश्न मिटतो आणि नजर कागदाऐवजी वस्तूकडं आणि लोकांकडं जाते. स्लाइड पहिल्या दोन भाषणांत नकोतच. पडद्यावर मजकूर आला की विद्यार्थी पाठ फिरवून तो वाचतो.

उच्चारात काय धरायचं, काय सोडायचं

परदेशी ढब शिकवण्यात वेळ घालवू नका. त, थ, द, ट यांचे आपले उच्चार जगात कुठंही समजतात. वेळ घाला तो ऐकणाऱ्याला खरंच अडवणाऱ्या गोष्टींवर.

सर्वांत वर शब्दातला जोर. मराठीत कुठल्या अक्षरावर जोर दिला यानं शब्द बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला त्याची सवय नाही. इंग्रजीत जोर हलला की ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. ‘डिव्हेलप’मध्ये जोर मधल्या ‘व्हे’वर, ‘इंडस्ट्री’त पहिल्या ‘इं’वर पण ‘इंडस्ट्रियल’मध्ये ‘ड’वर, ‘कमिटी’त ‘मि’वर, ‘को-ऑपरेटिव्ह’मध्ये ‘ऑ’वर. ‘फोटोग्राफ’मध्ये ‘फो’वर, तर ‘फटॉग्रफी’त ‘टॉ’वर. सरावासाठी रबरबँड दोन्ही अंगठ्यांत अडकवून द्या: जोराचं अक्षर आलं की ताणायचा, बाकी अक्षरांना सैल. प्रत्येकानं आपल्या भाषणातले फक्त सहा शब्द असे पक्के करावेत. सगळा शब्दकोश सुधारायला गेलात तर एकही सुधारणार नाही.

मग भूतकाळाचा शेवट. देवनागरीत लिहिलं तसं वाचायची सवय असल्यामुळं मुलं ‘क्रशेड’, ‘बॉइलेड’ म्हणतात. खरं म्हणजे ‘क्रश्ट’, ‘बॉइल्ड’, आणि फक्त ट किंवा ड नंतर वेगळं अक्षर ऐकू येतं: ‘ॲडिड’, ‘स्टार्टिड’. गुळाच्या तीन क्रियापदांत तिन्ही प्रकार येतात, तेवढ्यावर हा नियम शिकवून होतो.

स्वरांत ‘बॅड’ आणि ‘बेड’, ‘हॉल’ आणि ‘होल’, ‘शिप’ आणि ‘शीप’ एवढ्या जोड्या पुरेत. ‘व्हेजिटेबल’ला चार अक्षरं देणं, ‘रिसीट’मधला ‘प’ म्हणणं या चुका अर्थ फार बिघडवत नाहीत. विद्यार्थ्याच्या सहा शब्दांत असा शब्द असेल तेव्हाच तो घ्या.

वेगासाठी रेकॉर्डिंगचं एक मिनिट ऐकून शब्द मोजायला लावा. ११० ते १३० शब्द चांगले. १६० च्या वर गेले की समजा, पाठ केलंय. ओळ विसरायच्या आत संपवण्याची ती घाई असते. ८० च्या खाली असेल तर चार-तीन-दोनची आणखी एक फेरी हवी. आकड्यानंतर आणि नव्या नावानंतर एक पूर्ण सेकंद थांबायला शिकवा. आकडे वेगळे म्हणवून घ्या, कारण लिहिलेला आकडा वाचताना मुलं मनात मराठीत मोजतात आणि अडखळतात. ‘लाख’ आणि ‘कोटी’ भारतीय श्रोत्यांसमोर खुशाल वापरू द्या.

अडकण्याचा सराव

परक्या भाषेत बोलण्याची भीती ही सभाधीटपणाच्या अभावाहून वेगळी गोष्ट आहे. १९८६ मध्ये हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी ती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली, तेव्हापासून तिचा स्वतंत्र अभ्यास होत आला आहे. गणपती मंडळात माईक गाजवणारा पोरगा इंग्रजीत गप्प होतो, तो या भीतीमुळं. ‘घाबरू नकोस’ असं म्हणून ती जात नाही. अडकल्यावर बाहेर कसं पडायचं ते हातात असलं की ती कमी होते.

चार वाक्यं पाठ करून घ्या. पाठांतर इथंच कामाचं. ‘लेट मी से दॅट अगेन.’ ‘आय डोंट रिमेंबर द वर्ड, इट इज अ थिंग वुई यूज फॉर...’ ‘आय विल कम बॅक टू धिस.’ ‘द नेक्स्ट स्टेप इज...’ मग गटात खेळ लावा: बोलणारा रंगात आला की एकानं टाळी वाजवायची. टाळी वाजली की बोलणाऱ्यानं थांबायचं, यातलं एक वाक्य म्हणायचं आणि पुढं जायचं. एका भाषणात तीन टाळ्या. दोन तासांत मुलांना कळतं की थांबल्यानं काही कोसळत नाही.

पायऱ्या चढवत न्या: जोडीत बसून, सहांच्या गटात बसून, गटात उभं राहून, अर्ध्या वर्गासमोर आपल्या बाकापाशी, आणि मग फळ्यापाशी. व्यासपीठ शेवटी. बोलण्याचा क्रम हजेरीप्रमाणं लावू नका आणि ऐनवेळी चिठ्ठी काढून नाव पुकारू नका. क्रम आदल्या दिवशी सांगा, पहिले तीन स्वेच्छेनं येऊ द्यात. कुणी हसलं तर लगेच, शांतपणे, सर्वांसमोर थांबवा. पहिल्या हसण्याकडं दुर्लक्ष झालं की मागच्या बाकावरचे दहा जण सत्रभर तोंड उघडत नाहीत.

शाळेतले हातवारे, म्हणजे मूठ वर, बोट समोर, हात छातीवर, आपोआप येतात. ते मोडून काढण्यात वेळ घालवू नका. एका हातात कार्ड आणि दुसऱ्यात वस्तू दिली की निम्मे जातात. नजरेसाठी डावीकडं, मध्ये आणि उजवीकडं एकेक चेहरा ठरवून एकेक वाक्य एकेकाला सांगायला लावा.

चुका कधी आणि किती सांगायच्या

भाषण चालू असताना एकही चूक सांगायची नाही. वहीत तीन रकाने आखा: काय समजलं नाही, भाषा, सांगण्याची रीत. भाषण झाल्यावर प्रत्येक रकान्यातली एकच गोष्ट सांगा, आणि त्याआधी नेमकं काय जमलं ते सांगा. ‘छान बोललीस’ यातून तिला काही मिळत नाही. ‘थंड पाण्यातल्या गोळीचं सांगितलंस तेव्हा सगळे मान वर करून ऐकत होते’ यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं. ‘आय ॲम हॅविंग टू बफेलोज’ सारखी चूक अर्थ अडवत नाही. अशा चुका जमवून आठवड्याअखेर नाव न घेता फळ्यावर घ्या.

गटातल्या मित्रांकडून व्याकरणाच्या चुका काढून घेऊ नका. त्यांच्याकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या: मला नवीन काय कळलं, कुठं मी हरवलो. बोलणाऱ्याला याचाच जास्त उपयोग होतो.

गुण २० धरले तर वाटणी अशी: मजकूर आणि क्रम ६, ऐकणाऱ्याला स्पष्ट समजणं म्हणजे जोर, वेग, थांबे ५, कार्डावरून बोलणं आणि नजर ४, भाषा ३, प्रश्नांना उत्तरं २. भाषेला तीनच गुण पाहून काही सहकारी नाराज होतील. पण भाषेला दहा दिलेत तर विद्यार्थी दुसऱ्याकडून शुद्ध भाषण लिहून घेऊन पाठ करणार, आणि आपण सुरुवातीला होतो तिथंच परत येणार. वाचून दाखवलं किंवा पाठ म्हटलं तर चारांपैकी शून्य, हे आधी सांगून ठेवा. पाठ केलंय की नाही याची शंका आली तर मध्ये एक प्रश्न विचारा आणि मग पुढं बोलायला सांगा. स्वतःच्या शब्दांत सांगणारा सहज पुढं जातो, पाठ केलेला पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो.

वेळेसाठी टोस्टमास्टर्सची पद्धत घ्या. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या क्लबांत नेहमीच्या पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल दिवा लागतो. आपल्या तीन मिनिटांना दोनवर हिरवा, अडीचवर पिवळा, तीनवर लाल पुठ्ठा पुरतो. पुठ्ठे धरायचं काम सर्वांत अबोल मुलाला द्या. प्रत्येक भाषण शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकणारा तो एकटाच असतो, आणि त्याच्या स्वतःच्या भाषणात ते दिसतं.

माईक आणि शेवटची फेरी

शेवटची फेरी सेमिनार हॉलमध्ये, माईकवर. आदल्या दिवशी प्रत्येकाला माईकवर वीस सेकंद बोलू द्या. माईक तोंडापासून एक वीत दूर आणि हनुवटीच्या पातळीला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फटकारत नाहीत. मान वळवली तर माईकही वळला पाहिजे. ‘हॅलो हॅलो’ आणि टिचक्या मारून बघणं बंद. पहिलं वाक्यच म्हणून बघायचं, तेवढाच सराव.

समोर पाहुणे नकोत, दुसऱ्या विभागाचा वर्ग बोलवा. विज्ञान शाखेच्या मुलांना गुऱ्हाळ माहीत नसेल, कला शाखेच्या मुलांना रसायनशास्त्रातलं टायट्रेशन. ज्याला विषय ठाऊक नाही अशा माणसाला सांगताना विद्यार्थी आपोआप सोपा होतो. प्रत्येक वक्त्याला दोन प्रश्न यायलाच हवेत. उत्तराआधी प्रश्न आपल्या शब्दांत पुन्हा म्हणायची सवय लावा. मागं बसलेल्यांना प्रश्न ऐकू जातो आणि बोलणाऱ्याला विचार करायला पाच सेकंद मिळतात.

ही फेरी झाल्यावर विषय बदलू नका. आठवड्यानं तेच भाषण तिसऱ्याच श्रोत्यांसमोर पुन्हा करायला लावा, शक्य असेल तर टाऊन हॉलच्या बागेत किंवा पन्हाळ्यावर बाहेरगावच्या पर्यटकांना. गुण पहिल्याचे नोंदवा आणि दुसऱ्याचेही, आणि दोन्हींतला जास्त धरा. खरी वाढ या दुसऱ्या वेळी दिसते: कार्ड खिशातच राहतं, आणि अडलेला शब्द विद्यार्थी समोरच्यालाच विचारून घेतो.